डिसेंबरचं ओव्हरक्लॉक, एप्रिलचं ऊन

शुक्रवार पेठ, सोलापूर
एप्रिलअखेर

चि. सायली,

तुझा मेसेज मिळाला. दुपारी रेंडर लावलं की मशीन मध्येच हँग होतं, कधी ब्लू स्क्रीन येते, कधी आपोआप रीस्टार्ट होतं, आणि तू विचारतेस, "मामा, व्होल्टेज अजून थोडं वाढवू का?" नको. का नको आणि त्याऐवजी काय करायचं, ते सविस्तर लिहितो. फोनवर सांगितलेलं तू निम्मं ऐकतेस, म्हणून हे पत्र.

आधी हिशोब बघ. रायझन ५ ५६००एक्सचे सगळे कोअर ४.२ गिगाहर्ट्झवर १.२ व्होल्टला चालत होते. ओव्हरक्लॉक करून तू ते ४.६ गिगाहर्ट्झ आणि १.३ व्होल्टवर नेलेस. वेग वाढला साडेनऊ टक्के. पण चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही गुणून बघ, सुमारे २८ टक्के जादा उष्णता येते. बदल्यात तासाभराचं रेंडर पंचावन्न मिनिटांत होतं. पाच मिनिटं वाचली खरी, पण एखादं रेंडर पन्नासाव्या मिनिटाला पडलं की दहा रेंडरांची बचत एका फटक्यात गेली. आपल्या इथला यंत्रमाग चालवणारा मागाचा वेग वाढवतो तेव्हा पाळीच्या शेवटी कापड किती मीटर उतरलं ते बघतो. ताण्याचे धागे सारखे तुटून माग थांबत असेल, तर वाढवलेल्या वेगाचं त्याला काही कौतुक नसतं.

आता ऊन. तू सगळी जुळवाजुळव डिसेंबरात केलीस. तेव्हा बार्शीच्या घरात पंचवीस अंश होते, आता दुपारी माळवदाखालच्या त्या खोलीत चाळीसच्या आसपास असतील. प्रोसेसरवरचा कुठलाही एअर कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली पंधरा अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर जाते. डिसेंबरात ८० दाखवणारी चिप आज ९५ दाखवणार, आणि या प्रोसेसरची कंपनीने दिलेली कमाल मर्यादाच ९५ आहे. त्यात तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे काठावर बसवलेलं सेटिंग उन्हाळ्यात काठाबाहेर जातं. व्होल्टेज वाढवलंस तर उष्णता वाढेल, आणि त्या उष्णतेपायी पुन्हा व्होल्टेज लागेल. हा पाठलाग तू जिंकणार नाहीस. डिसेंबरात चाचणी पास झाली याचा अर्थ एवढाच, की ते सेटिंग डिसेंबरात चालतं.

मात्र दोष ओव्हरक्लॉकचाच आहे, हे आपण अजून सिद्ध केलेलं नाही. माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण निदान बरोबर घेऊनच येतो आणि निम्म्या वेळा ते चुकीचं निघतं. म्हणून या क्रमाने जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.

सगळ्यात आधी फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घे. रॅम अस्थिर असेल तर मशीन बंद न पडताही चुकीचे आकडे फाइलीत लिहिले जातात आणि ते महिन्याभराने कळतं. मशीन असं लटपटत असताना बायोस अपडेट करू नकोस, विंडोज नव्याने टाकू नकोस.

मग बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' कर. कधी मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नकोस. वायर काढ, मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या 'क्लिअर सीमॉस'च्या दोन पिना जोड, किंवा सीआर २०३२चा बटणसेल काही मिनिटं काढून ठेव. सगळं मूळ पदावर येतं.

मूळ सेटिंगवर तेच रेंडर, त्याच खोलीत, दुपारी तीन वाजता लाव. तरीही मशीन पडलं तर ओव्हरक्लॉक निर्दोष. मग कॅबिनेट उघड. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये मागावरून उडालेले कापसाचे तंतू हीटसिंकच्या पट्ट्यांत नमद्यासारखे बसलेले असतात. तुझ्याकडे तंतू नसतील, धूळ नक्की असेल. साफ करताना पंखा बोटाने धरून ठेव, हवेच्या झोताने त्याला गरगर फिरू देऊ नकोस. थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लाव. आणि पाण्याचा कूलर कॅबिनेटच्या तोंडाशी अजिबात ठेवू नकोस. खोली थंड होते हे खरं, पण ओलसर हवा आणि क्वचित उडणारे थेंब सरळ आत जातात. कूलर खिडकीत, कॅबिनेट त्याच्या झोताबाहेर. घरातलं अर्थिंगही एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे.

मूळ सेटिंगवर सगळं सुरळीत चाललं, तर आता संशयित दोन आहेत, रॅम आणि कोअर. तू दोन्ही एकदम वाढवलेस, म्हणून कोणी घोटाळा केला ते कळत नाही. ३२००ची रॅम तू ३६००वर नेलीस. त्याबरोबर प्रोसेसरच्या आतला इन्फिनिटी फॅब्रिकही १८०० मेगाहर्ट्झवर गेला. या वेगाला बहुतेक ५६००एक्स चालतात, पण ३२०० म्हणून विकलेली रॅम ३६००ला चाललीच पाहिजे असा कायदा नाही. शिवाय तापलेल्या रॅममधला विद्युतभार लवकर गळतो. डीडीआर४च्या मानकातच ८५ अंशांवर गेल्यास भार दुप्पट वेळा ताजा करायला सांगितलं आहे, यावरून काय ते समज. तेव्हा कोअर मूळ वेगावर ठेवून फक्त एक्सएमपी चालू कर, म्हणजे ३२००, आणि रात्रभर मेमटेस्ट८६ लाव. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते, तेवढ्या पुरेत. एकही चूक दिसली तर नापास. रॅमच्या परीक्षेत पस्तीस टक्क्यांना पास करत नाहीत. ३२०० पास झाली तरच ३६००ला हीच परीक्षा घे.

रॅम सुटली की कोअरकडे वळ. प्राइम९५मध्ये 'स्मॉल एफएफटी' लाव. हा प्रोग्रॅम मुळात मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी केला आहे. गणित चुकलं की त्याला लगेच कळतं आणि ती चूक करणारा वर्कर थांबतो. ब्लू स्क्रीन येण्याच्या कितीतरी आधी अशी चूक सापडते, हाच त्याचा फायदा. शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेव आणि तापमानावर नजर ठेव. चूक झाली तर वेग २५ मेगाहर्ट्झने खाली आण. व्होल्टेजला हात लावू नकोस. 'लोड-लाइन कॅलिब्रेशन' सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलं असशील तर मधल्या पायरीवर आण. भार पडल्यावर व्होल्टेज थोडं बसणं स्वाभाविक आहे. ते बळजबरीने सपाट केलं, तर भार सुटताना क्षणभर वर उसळी मारतं.

खुणा वाचायलाही शीक. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर'ची नोंद आहे का बघ. 'कॅश हायरार्की एरर' दिसली तर बहुधा कोअरला व्होल्टेज कमी पडतंय. 'बस/इंटरकनेक्ट एरर' दिसली तर फॅब्रिककडे बघ. 'कर्नल-पॉवर ४१' वाचून मात्र कुणी नवा पॉवर सप्लाय घ्यायला सांगेल, ऐकू नकोस. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते ती सांगत नाही.

तुझ्या मित्राची तक्रार वेगळी आहे. तेराव्या पिढीच्या आय७चं मशीन, सेटिंगला हात न लावताही गेम बंद पडतात. त्याच्या मागे लागू नकोस, त्याची चूक नसेलही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांत हा घोळ निघाला. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि त्याने ती हळूहळू झिजत होती. कंपनीने २०२४च्या ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुला बायोस अपडेट करू नकोस म्हटलं, पण त्याच्या मशीनची दुरुस्ती त्यातच आहे, म्हणून त्याला आधी बायोस अद्ययावत करायला सांग. तरीही थांबलं नाही तर वॉरंटीत दाखल करू दे, कारण झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही. जास्तीच्या व्होल्टेजचं नुकसान त्याच दिवशी दिसत नाही, हे तूही त्यातून घे.

१९९८मध्ये सेलेरॉन ३००ए आला, तेव्हा बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५०वर पळायची. दीडपट वेग! तेव्हा हा उद्योग पैसे वाचवायचा. आजच्या चिपा कारखान्यातूनच आपल्या कुवतीच्या टोकाजवळ येतात. उलट सगळे कोअर ४.६ला बांधल्यामुळे, एकट्या कोअरचं काम करताना चिप स्वतःहून जिथपर्यंत गेली असती त्यापुढे तुला काहीच मिळत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठव. एक उन्हाळ्याचं: कोअर मूळ सेटिंगवर, रॅम एक्सएमपीवर. रेंडर, कॉलेजची सबमिशनं, सगळं यावर. दुसरं हिवाळ्याचं: त्यात हवा तेवढा खेळ कर, पण बदल, तारीख, खोलीचं तापमान आणि निकाल वहीत लिही. नवं सेटिंग मे महिन्यातल्या दुपारी टिकलं, तरच ते टिकाऊ म्हण.

वहीच्या पानाचे फोटो मला पाठव, मग पुढचं बोलू. ताईला नमस्कार आणि तिला सांग, यंदा कैरीचं लोणचं आमच्याकडून येईल.

तुझा,
मामा