तीन बोटांचा फरक

छावणीचा गुरुवारचा बाजार. रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून मामांनी बैल विकला. आकडा कोणी उच्चारलाच नाही. चहावर वाटणीचा विषय निघाला.

“दोन एकर. धाकट्याला ४० गुंठे, मला ४०. सातबारा मात्र आर म्हणतो.”

“मग ४०-४० आर लिहा, मामा. गुंठा काय, आर काय!”

मामांनी बशी खाली ठेवली. “गुंठा म्हणजे ३३ फुटांची साखळी, दोन्ही अंगांनी. तुझा आर?”

“१० मीटर बाय १० मीटर. म्हणजे ३२ फूट, पावणेदहा इंच.”

“तीन बोटं कमी.”

मी मोबाईल काढला. गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १०० चा. दोन एकरांचे होतात ८१ आर. ४० आणि ४० लिहिले, तर एक आर उरतो. बांधावरून डोकी फुटतात ती याहून कमी जागेसाठी.

“पण मामा, कायदा १९५६ चा आहे! शेर जाऊन किलो आला, तेव्हा कोण अडलं?”

“किलो दिसायला वेगळा होता, पोरी. वजनाचा ठोकळाच नवा. तोळ्याचं बघ. तुझ्या मामीचं मंगळसूत्र जुन्या तोळ्यानं तीन तोळ्यांचं, म्हणजे ३५ ग्रॅम. आज पेढीवर तीन तोळे म्हटलं की ३०. नाव आजीचं, वजन सोनाराचं.”

“म्हणून जुनंच धरून बसायचं? पूर्वी गावागणिक शेर वेगळा. गरिबाला कोणत्या मापानं नाडलं, तेही कळायचं नाही.”

“ते खरं.” मामा जरा थांबले. “माझ्या बापानं निजामाचे हाली रुपये बदलले. सात हालीला सहा कलदार. लोक कुरकुरले, पण भाव सगळ्यांना ठाऊक होता. बदला की! पण किती बदललं, ते मोठ्यानं सांगा.”

“हे तुम्ही सांगताय? आत्ताच रुमालाखाली सौदा करून आलात!”

“तिथं त्याची बोटं माझ्या हातात होती. तलाठ्याची कुठंयत?”

मला उत्तर सुचलं नाही, आणि मामांचं उत्तर पुरतं पटलंही नाही. आर समजायला तलाठी कशाला हवा? दहा मीटरांचाच तर चौकोन.

“मग उरलेला आर?” मी विचारलं.

“विहिरीकडं जायची वाट अरुंद आहे. बैलगाडी अडते. तिकडं सोडू, सामाईक.” मामा उठले. “कागदावर आरच लिही. धाकट्याला मात्र साखळी लावून दाखव.”