घरचं म्हणजे नेमकं कुणाचं?

‘घरी केलीत?’ हा आमच्या अकोला-अमरावतीकडे प्रश्न नसतो, प्रमाणपत्र असतं. मी रविवारी पीनट बटरची सँडविच बिस्किटं करतो. दोन बिस्किटं आणि मधे फल्लीदाण्याचं गोड भरण. डबा अकोल्याहून अमरावतीला नातेवाइकांकडे गेला की हे प्रमाणपत्र ठरलेलं. तशीच बिस्किटं दुकानातून नेली असती तर ती चहाबरोबर संपली असती, त्यांची चर्चा झाली नसती. म्हणजे ‘घरचं’ हा शब्द चवीशिवाय आणखी काहीतरी मोजतो. ते नेमकं काय?

पहिलं उत्तर सामानाचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीआधी रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायची आपल्याकडे पद्धत आहे. बेकरीवाला पीठ मळतो, भट्टीत भाजतो, आपण मजुरी देतो आणि डबा भरून नानकटाई घरी आणतो. ती पाहुण्यांपुढे ‘घरची’ म्हणूनच जाते. घरातल्या कुणाचा हात तिला लागलेला नसतो, तरी यात कुणाला खोटेपणा वाटत नाही, कारण तूप आपलं असतं. इथे घरचं म्हणजे भरवशाचं. केलं कुणी, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही.

दुसरं उत्तर हातांचं. दाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, सालं चोळून पाखडायची आणि मिक्सरला लावायचे. आधी कूट होतो, मग त्याचा भांड्याला चिकटणारा गोळा होतो. इथे पाणी घालायचा मोह होतो, तो टाळायचा. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. भांडं तापू न देता, थांबत थांबत फिरवलं की ते सुटतं आणि गोळा वाहायला लागतो. यातलं अर्धं पीनट बटर, लोणी, साखर, मैदा आणि चिमूटभर सोडा एकत्र करून बिस्किटं थापायची, १७५ अंशांवर १०-१२ मिनिटं भाजायची. बाहेर काढताना ती मऊ लागतात, गार झाल्यावर कडक होतात. उरलेल्या पीनट बटरमध्ये पिठीसाखर आणि थोडं लोणी फेटून मधे भरायचं. मे महिन्यात, पारा ४५च्या आसपास असताना, हे भरण फ्रिजबाहेर तग धरत नाही.

हे सगळं मी करतो. पण सॉफ्टवेअरवाल्याने ‘सगळं मी केलं’ हे वाक्य जपून वापरावं. आमच्या प्रत्येक प्रोग्रॅमखाली दुसऱ्यांनी लिहिलेल्या हजारो ओळी असतात. तशा बिस्किटाखालीही असतात. भुईमुगाचं टीएजी-२४ हे वाण घ्या. त्याचं पूर्ण नाव ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून ते १९९१ साली आलं. भुईमूग म्हटलं की आपल्याला वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे कार्व्हर आठवतो. त्याने १९१६ साली दाण्याच्या १०५ कृतींची पुस्तिका काढली, तीत बिस्किटंही आहेत. त्या कृतींसाठी आपण मासिकांचे आणि इतरांचे ऋणी आहोत, असं त्याने तिथेच नोंदवलं आहे. हात मोजायला बसलं तर माझे दोन हात फार शेवटी येतात.

तिसरं उत्तर कष्टाचं: जीव ओतला म्हणून किंमत. नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली या संशोधकांनी २०१२च्या निबंधात याला ‘आयकिया इफेक्ट’ असं नाव दिलं. स्वतः जोडलेलं खोकं किंवा स्वतः घडी घातलेला कागदी पक्षी माणसांना जास्त मोलाचा वाटतो, असं त्यांना आढळलं. पण याच निबंधात एक अट सापडते, तिची चर्चा कमी होते. वस्तू पूर्ण झाली नाही, किंवा पूर्ण करून पुन्हा मोडली, तर हा परिणाम ओसरतो.

ही अट स्वयंपाकघरात नेऊन पाहा. तिथे रोज बांधलेलं रोज मोडतं. सकाळची भाकरी दुपारपर्यंत उरत नाही आणि संध्याकाळी परत शून्यापासून सुरुवात. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे, ते काम मोजता येतं. जून २०२२मध्ये आमच्याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. भाकरीचा थर मोजायला कोण येणार? केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. माझी बिस्किटं बहुधा या ९७मध्ये बसतात. कौतुक मात्र तिथेच जास्त होतं.

का? माझ्या मते फरक सामानात नाही, हातात नाही, कष्टातही नाही. फरक ‘नाही’ म्हणता येण्यात आहे. एखाद्या रविवारी मी बिस्किटं केली नाहीत तर घरात काही अडत नाही. म्हणून केली की ती भेट ठरते. जे काम नाकारता येत नाही, ते भेट ठरूच शकत नाही. ते गृहीत धरलं जातं, आणि थांबेपर्यंत दिसत नाही.

आमच्या व्यवसायात याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. मार्च २०१६मध्ये एका प्रोग्रॅमरने, एका नावावरून झालेल्या वादानंतर, सगळ्यांसाठी मोफत ठेवलेला आपला कोड काढून घेतला. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा ११ ओळींचा तुकडा होता. अक्षरांच्या डावीकडची रिकामी जागा भरणं, एवढंच त्याचं काम. त्याच्यावर टेकलेले हजारो प्रकल्प अडले. काही तासांतच तो तुकडा, त्याने मागे घेतलेला असूनही, परत जागेवर ठेवण्यात आला आणि पुढे असं काढून घेण्याचे नियम कडक झाले. पहिला ‘नाही’ आला तेव्हा काम दिसलं, आणि दिसताक्षणी ‘नाही’ म्हणण्याची वाटच अरुंद झाली.

हा युक्तिवाद मी आईपुढे मांडला. तिने तो अर्धाच मान्य केला. ‘तुले नाही म्हनता येते, म्हनून ते कौतुक. पन घरात कोनीतरी नाही न म्हननारं लागतेच ना बाप्पा. नाहीतर ते घर कायचं? हॉटेल!’

या आक्षेपात तथ्य आहे. तापाने फणफणलेलं मूल किंवा औषधाची वेळ झालेले आजोबा आपल्या मर्जीसाठी थांबत नाहीत. सगळ्यांनाच सगळं नाकारता आलं तर घर चालणार नाही. भेटींवर घर उभं राहत नाही, ते न चुकणाऱ्या कामांवर उभं राहतं. ‘आईचं कौतुक करा’ हा उपायही त्यामुळे अपुरा आहे. कौतुकाने भेट सजते, बंधन सैल होत नाही.

पण आईच्या वाक्यातला खरा शब्द ‘कोनीतरी’ आहे. नाही न म्हणणारं कुणीतरी लागतं, हे खरं. ते कायम एकच माणूस लागतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. आमचा सर्व्हरही रात्री दोनला बंद पडला तर ‘आज राहू द्या’ म्हणता येत नाही, कुणालातरी उठावंच लागतं. म्हणून ऑन-कॉलच्या पाळ्या असतात. या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरा, आणि रजेवर जाणाऱ्याचा बदली माणूस आधीच ठरलेला. ज्याची पाळी असते त्याला नकार देता येत नाही. पण पाळी संपते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. या व्यवस्थेत कुणी त्याग करत नाही आणि कुणाची आरतीही होत नाही.

घरचं म्हणजे कुणाचं, याचं माझं उत्तर असं: ज्या कामात घरातल्या प्रत्येकाची पाळी येते आणि प्रत्येकाची पाळी संपते, ते घरचं. या व्याख्येत माझी बिस्किटं बसत नाहीत, ती हौस आहे आणि हौस म्हणून चांगली आहे. बऱ्याच घरांतली भाकरीसुद्धा अजून यात बसत नाही. ती घरात होते, घरची अजून व्हायची आहे.