दानाचा तिसरा धनी

दानाविषयी आपल्याकडे विचार पुष्कळ झाला, पण तो बहुतांशी दोनच व्यक्तींना धरून झाला: एक देणारा आणि दुसरा घेणारा. देणाऱ्याचा हेतू निर्मळ असावा, घेणारा पात्र असावा, स्थळ आणि काळ उचित असावा, हा विवेक गीतेच्या सतराव्या अध्यायापासून गावच्या कीर्तनकारापर्यंत अनेकांनी सांगितला. परंतु दिलेली वस्तू गरजवंताच्या हाती पोचण्यापूर्वी, अथवा पोचल्यानंतर, तिसराच कोणी मनुष्य मध्ये येतो, ती अल्प मोलाने किंवा विनामोल उचलतो आणि चढ्या भावाने विकून मोकळा होतो, तेव्हा त्याच्या त्या नफ्याला नीतीच्या खातेवहीत कोणत्या सदरी मांडावे, याची चर्चा आपण सहसा करीत नाही. चोर म्हणावे तर त्याने चोरी केलेली नसते, आणि सज्जन म्हणावे तर जीभ अडखळते.

हा प्रश्न यवतमाळसारख्या जिल्ह्यातही आता पुस्तकी उरलेला नाही. इराणातील मशहद शहरात 2015 च्या हिवाळ्यात कोणीतरी रस्त्याकडेच्या भिंतीला खुंट्या ठोकल्या, नको असेल ते ठेवा आणि हवे असेल ते न्या, अशा अर्थाची सूचना तिच्यावर रंगवली, आणि ती साधी कल्पना पाहता पाहता आपल्याकडे येऊन ‘माणुसकीची भिंत’ या नावाने महाराष्ट्रातील कितीतरी गावांत रुजली. पुसदकडे तर ते नाव आता लोकांच्या तोंडी बसलेले आहे. या भिंतीचा कारभार मोठा सुटसुटीत असतो. तिथे पावती नाही, नोंदवही नाही, दाखला नाही. देणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही आणि घेणाऱ्याची जात, मिळकत किंवा रेशनकार्डाचा रंग कोणी तपासत नाही.

अशाच एका भिंतीपाशी दिवाळीच्या तोंडावर एक गृहस्थ मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना गोणपाटाच्या पिशव्या बांधून आलेले मी पाहिले. कपड्यांचा ढीग त्यांनी इतक्या सफाईने चाळला की हा हात सरावाचा आहे हे दुरूनही ओळखू यावे. जरीकाठाच्या साडीचा पदर त्यांनी बोटांत चुरगाळून पाहिला, कोटाचे अस्तर उलटून शिंप्याची चिठ्ठी वाचली, एका नव्याकोऱ्या शालीची घडी न मोडता ती तशीच पिशवीत घातली. मुलांचे विटलेले सदरे, गुडघ्यांवर झिजलेल्या विजारी आणि सुती लुगडी मात्र त्यांनी बाजूला लोटली. शेजारी कडेवर मूल घेतलेली एक बाई त्यांचे आटोपेपर्यंत मुकाट्याने उभी होती. ते गेल्यावर तिने उरल्यासुरल्यातून एक स्वेटर निवडले, त्याच्या तुटलेल्या गुंड्या मोजल्या आणि ते पोराच्या अंगाला लावून पाहिले. कायदा कोणीच मोडला नव्हता. फुकट ठेवलेले एकाने फुकट नेले होते, इतकेच.

त्या गृहस्थांची बाजू प्रथम मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. ते म्हणतील की या साड्या इथेच पडून राहिल्या असत्या तर अवकाळी पावसात भिजल्या असत्या, जनावरांनी तुडवल्या असत्या. मजुरी करणाऱ्या बाईला जरीकाठाचा उपयोग काय? मी त्या धुतो, इस्त्री करतो, बाजाराच्या दिवशी ताडपत्रीवर मांडतो आणि दुकानात ज्याला ती किंमत परवडत नाही अशाच कोणाला तरी विकतो. म्हणजे वस्तू अखेर गरिबाघरीच जाते आणि माझ्याही घरची चूल पेटते. या युक्तिवादातील मोठा भाग खरा आहे. जुन्या कपड्यांचा व्यापार आपल्याकडे नवा नाही. डोक्यावरच्या पाटीत भांडी घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण पिढ्यान्‌पिढ्या हाच उद्योग करीत आली. चार साड्यांवर एक पातेले, वर एखादा सदरा टाकला तर झाकणही, अशी तिची घासाघीस आपल्या आयाबायांनी अर्धी दुपार उंबऱ्यावर बसून केली, आणि तिच्या नफ्याबद्दल कोणाच्याही मनात कधी किल्मिष आले नाही. येण्याचे कारणही नव्हते. गृहिणीला आपल्या जुनेराची किंमत ठाऊक होती आणि बोहारणीला आपल्या पातेल्याची. दोघीही सौद्याला बसल्या होत्या. पुढे ते कपडे निवडणे, धुणे, सांधणे, वाहून नेणे या साऱ्या कष्टांचा मोबदला तिच्या नफ्यात होता.

बोहारणीचा व्यवहार आणि भिंतीपाशी मी पाहिलेला व्यवहार बाहेरून सारखे दिसतात. भेद आहे तो नफ्याच्या उगमात. व्यापाऱ्याच्या नफ्यात सामान्यतः त्याचे श्रम असतात, त्याची जोखीम असते आणि मालाची पारख असते. दानाच्या वस्तूवर मिळणाऱ्या नफ्यात याखेरीज आणखी एक हिस्सा दडलेला असतो, आणि तो देणाऱ्याने सोडून दिलेल्या मोलाचा होय. जिने शाल भिंतीवर ठेवली तिला ती विकता आली असती. तिने किंमत सोडली, ती कोणासाठी तरी सोडली. ती सूट त्या अनोळखी गरजवंताच्या नावे लिहिलेली होती. धुण्याची, इस्त्रीची, फिरण्याची मजुरी त्या गृहस्थांनी खुशाल घ्यावी. परंतु त्या सुटीवर त्यांचा हक्क कोणत्या दस्तऐवजाने सिद्ध होतो, हे त्यांना दाखवता येणार नाही.

याच कसोटीवर विलायतेतील धर्मादाय दुकानांचा मामला निराळा ठरतो. 1942 साली ऑक्सफर्डमध्ये दुष्काळनिवारणासाठी स्थापन झालेल्या समितीने, जी पुढे ऑक्सफॅम या नावाने प्रसिद्धीस आली, त्याच दशकाच्या अखेरीस तेथील ब्रॉड स्ट्रीटवर जुन्या वस्तूंचे दुकान थाटले, आणि आज अशी दुकाने त्या देशात गावोगाव आहेत. तिथे देणारा वस्तू देतो ती विकली जावी म्हणूनच. गरजवंत त्या गावात नसून दूर कुठेतरी असतो आणि त्याच्यापर्यंत साडी किंवा शाल न जाता विक्रीचा पैसा जातो. मग तिथे येऊन एखाद्या जाणत्याने जुने पुस्तक थोडक्यात घेतले आणि पुढे दामदुपटीने विकले, तर संस्थेने मागितलेली किंमत त्याने भरलेली आहे; वस्तूचे खरे मोल संस्थेला ओळखता आले नसेल तर तो तिच्या कारभारातील उणेपणा झाला, गिऱ्हाइकाचा अपराध नव्हे. मात्र तिथेही हिवाळ्यातील मुलांचे कोट सगळेच्या सगळे उचलून, त्या दुकानावरच ज्यांची भिस्त आहे अशा शेजाऱ्यांना रिकाम्या हाताने परतवणारा व्यापारी निर्दोष म्हणता येणार नाही. तेव्हा किंमत भरली की नाही हा एक प्रश्न, आणि आपण उचलल्यामुळे कोणाच्या वाट्याचे कमी झाले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्यातून सुटका होत नाही.

इथे एका गैरसमजाचा बंदोबस्त केला पाहिजे. ज्याला दान मिळाले त्यानेच ते विकले, तर आपण त्याला लबाड ठरवायला किती उतावीळ असतो! 2006 च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. यवतमाळ त्या सहांपैकी एक, आणि त्या योजनेत कर्जबाजारी शेतकऱ्याला अनुदानावर दुभत्या गाई देण्याची तरतूद होती. ज्या कोरडवाहू शिवारात उन्हाळ्यात माणसांच्या पाण्याची ददात, तिथे संकरित गाईची वैरण, ढेप आणि पाणी कुठून आणावे? पुष्कळांनी ती गाय विकली, आणि लोकांनी त्यांनाच बोल लावला. तीच गोष्ट रेशनच्या तांदळाची. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या घरात महिन्याचा तांदूळ उरतो, तो गावोगाव फिरणारा खरेदीदार येऊन नेतो, आणि त्या पैशातून घरात तेलमीठ येते. कायद्याचे म्हणणे काहीही असो, नीतीच्या दृष्टीने त्या बाईने आपल्याच वाट्याचे रूपांतर आपल्या गरजेत केले आहे; देणाऱ्याने सोडलेली सूट जिच्यासाठी होती तिच्याच हाती राहिली. दोष द्यायचा तर तिची नड पाहून कवडीमोल भाव सांगणाऱ्याला द्यावा, आणि थोडा तिला काय हवे हे न विचारता देणाऱ्यालाही.

परंतु विकण्याची मुभा सर्वच दानाला लागू करावी काय? भूदानाचा इतिहास या ठिकाणी विचार करायला लावतो. आमच्या शेजारच्या पवनारहून निघालेल्या विनोबांना 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले; वऱ्हाड तेव्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होते त्याच्या सरकारने 1953 साली भूदान यज्ञाचा कायदा केला, आणि ज्या भूमिहीनाला जमीन मिळेल त्याने ती स्वतः कसावी, दुसऱ्याच्या नावे करू नये, असे बंधन घातले. हे बंधन घेणाऱ्यावर अविश्वास दाखवण्यासाठी नव्हते. लग्न, आजारपण किंवा नापिकी आली की पहिली नजर जमिनीच्या तुकड्यावर जाते आणि खरेदीदार तर बांधावर टपून बसलेलाच असतो. त्या घटकेला घेणाऱ्याच्या मुलाबाळांच्या वतीने कोणीतरी नाही म्हणणे अवश्य होते. तरीही अशा जमिनींची बेकायदा हस्तांतरणे झाल्याच्या तक्रारी विदर्भातून सरकारदरबारी जातच राहिल्या. साडी विकली तर एका हिवाळ्याचे नुकसान. जमीन विकली तर एका कुळाचा आधार गेला. म्हणून ज्या दानात पुढच्या पिढीचा वाटा आहे ते विक्रीबाहेर ठेवणे रास्त, आणि जे अंगावर झिजून किंवा ताटात वाढून संपणार आहे त्याची मालकी घेणाऱ्याला बिनशर्त देणे रास्त.

आता पुन्हा त्या भिंतीकडे येऊ, कारण तिथल्या पुनर्विक्रीचा खरा तोटा अद्याप सांगायचा राहिला आहे. चार जरीच्या साड्या गेल्या हे नुकसान लहान आहे. पण हा प्रकार चार वेळा घडला की कार्यकर्ते चिडतात, कोणीतरी सुचवतो की एक माणूस बसवा, दुसरा म्हणतो की वहीत नाव लिहून घ्या, तिसरा आधारकार्डाची झेरॉक्स मागायला सांगतो. आणि बघता बघता त्या मोकळ्या भिंतीचे एक छोटेसे सरकारी कार्यालय होते. व्यापाऱ्याला त्याची अडचण नसते, तो कोणाचे तरी कार्ड घेऊन येतोच. अडते ती कडेवर मूल असलेली बाई, जिला आपले दारिद्र्य चारचौघांत शाबीत करावे लागते आणि जी त्यापेक्षा थंडीत राहणे पत्करते. एकाच्या नफ्याची किंमत अशी शेकडो निरपराध माणसे आपल्या अब्रूने चुकवतात. ज्या विश्वासावर ती व्यवस्था उभी होती, तो विश्वास कोणी दान म्हणून ठेवलेला नव्हता, आणि तरी पिशवीतून गेला तो तोच.

यावर उपाय पहारा नव्हे. अंशू गुप्ता यांनी 1999 साली सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने शहरांतले जुने कपडे खेड्यात नेताना ते फुकट न वाटता गावकऱ्यांनी स्वतःच्या गावासाठी केलेल्या श्रमाचा मोबदला म्हणून द्यावेत अशी रीत घातली; वस्तू कष्टाने मिळवली की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, आणि आयत्यावर टपलेल्याला वाव राहत नाही. भिंतीच्या चालकांनाही एक साधी तजवीज करता येईल. ज्या वस्तूंना बाजारात मोल आहे आणि गरिबाच्या घरात उपयोग नाही, त्या जरीकाठी साड्या नि कोट आधीच वेगळे काढावेत, व्यापाऱ्याला बोलावून त्यांचा उघड लिलाव करावा आणि येईल त्या पैशातून मुलांचे स्वेटर व चादरी घ्याव्यात. मग तो गृहस्थ चोरटा पाहुणा राहणार नाही, रोख मोजणारे गिऱ्हाईक होईल. त्याची पारख आणि त्याचे श्रम यांवरचा नफा त्याला निर्वेध लाभेल, आणि देणाऱ्याने सोडलेली किंमत जिच्यासाठी सोडली होती तिच्याकडे जाईल. नफ्याचे आणि दयेचे वैर आहे असे मानण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या त्यागातून आपला हिस्सा गुपचूप कापून घेऊ नये, इतकेच व्यापाऱ्याने पाळावे. आणि त्याने पाळले नाही तरी त्याचा दंड गरिबाकडून वसूल करू नये, इतके आपण पाळावे.