देवमासा कोणाचा?



व्हेलला आपण मराठीत देवमासा म्हणतो. खरे तर तो मासा नव्हे. देवमासा आणि डॉल्फिन पिलांना दूध पाजतात, श्वास घ्यायला त्यांना पाण्यावर यावेच लागते. पण त्या नावातला 'देव' आपण विसरतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वराने समुद्रातील महाकाय जीव घडवले आणि त्यांना आशीर्वाद दिला. तेव्हा माणूस निर्माणही झाला नव्हता! १०४ व्या स्तोत्रानुसार तर हा जीव सागरात खेळण्यासाठी निर्माण केलेला आहे.

आपण मात्र त्याचाच खेळ मांडला. ऑगस्ट १९७० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर डॉल्फिनच्याच कुळातील ओर्कांचा कळप जाळ्यांत कोंडण्यात आला. काही पिले जाळ्यांत अडकून बुडाली. टोकिटे नावाच्या एका लहान मादीला मायामीला नेऊन टाकीत सोडले. टाकी सर्वांत खोल जागी सुमारे २० फूट. वाढल्यावर तिची स्वतःची लांबीही तेवढीच. तिचा सोबती ह्युगो १९८० साली मेला. पुढे तिला आपल्या जातीचा दुसरा जीव दिसला नाही. २०२३ साली तिला घरच्या समुद्रात परत नेण्याचे ठरले. पण त्याच वर्षी १८ ऑगस्टला ती टाकीतच मरण पावली.

समुद्रात शिकारही चालूच आहे. व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय १९८२ साली झाला आणि १९८६ पासून लागू झाला. तरी नॉर्वे शिकार करतो. जपानने २०१९ साली त्या आयोगातून बाहेर पडून व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली.

"फादर, माणसांचीच दुःखे थोडी आहेत का?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. संत थॉमस अक्विनास शिकवतात की, देवाचा चांगुलपणा एकाच जीवातून पुरेसा प्रकट होऊ शकत नाही, म्हणून त्याने नानाविध जीव घडवले. पोप फ्रान्सिस यांनीही 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात सांगितले की, प्रत्येक जीवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे. ते मोल आपल्या उपयोगावर ठरत नाही. आणि जो दुबळ्या जीवाच्या वेदनेवर टाळ्या वाजवायला शिकतो, तो माणसाच्या वेदनेपुढे तरी किती काळ हळवा राहील?

आम्ही स्वतः एकदा परदेशी असा खेळ पाहिला आणि टाळ्याही वाजवल्या. आज त्याची लाज वाटते. आपल्या देशात २०१३ साली केंद्र सरकारने डॉल्फिनचे असे खेळ उभारण्यास मनाई केली. पण सहलीला परदेशी गेल्यावर तिकीट काढायचे की नाही, हे आपल्याच हाती असते.

आपल्या कोळी बांधवांपुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. जाळ्यात डॉल्फिन अडकला, तर तो थोड्याच वेळात गुदमरतो. जाळे कापावे, तर पोटावर पाय येतो. म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१८ साली योजना आणली: संरक्षित जीव सोडवताना जाळ्याचे नुकसान झाल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुराव्यासाठी फोटो काढून ठेवावा. अर्ज लिहिण्यास मदत हवी असेल, तर मिस्सानंतर अवश्य भेटा. एकट्या कोळ्याने त्यागाचा भार उचलावा आणि बाकीच्यांनी नुसते प्रवचन ऐकावे, हे ख्रिस्ती जीवन नव्हे.

हे सागराच्या निर्मात्या, तू ज्यांना मोकळे घडवलेस, त्यांना मोकळे ठेवण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.

- तुमचे धर्मगुरू