त्यांची निष्कामता, आपले ऋण

फळाची आशा न धरता कर्म कर, हा गीतेचा उपदेश रणांगणावर, लढायला उभ्या राहिलेल्या माणसाला केलेला आहे. त्यावरून कुणी विचारेल, की सैनिक स्वधर्म म्हणून लढला असेल, तर त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा सन्मान कशासाठी? कर्तव्याला बक्षिसी जोडली की कर्तव्याचे मोल उतरते, असेही काहींना वाटते. मला हा युक्तिवाद भलत्याच माणसाला लावलेला दिसतो. निष्कामता हा करणाऱ्याचा धर्म आहे. ज्यांच्यासाठी ते कर्म झाले, त्यांचा धर्म कृतज्ञतेचा. देणाऱ्याने हिशेब ठेवला नाही म्हणून घेणाऱ्याचे देणे फिटत नाही. तो मागणार नाही, म्हणूनच आठवण ठेवण्याचा सगळा भार आपल्यावर येतो.

आपल्या परंपरेत माणूस ऋणे घेऊनच जन्माला येतो. देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर शतपथ ब्राह्मण चौथे ऋण सांगते ते माणसांचे, आणि ते आसरा व अन्न देऊन फेडायचे असते. सैनिकाचे ऋण या चौथ्या जातीचे आहे. महाभारताच्या सभापर्वात नारद युधिष्ठिराला राज्यकारभाराबद्दल प्रश्नांमागून प्रश्न विचारतो. त्यांतला एक असा, की तुझ्यासाठी ज्यांनी मरण पत्करले त्यांच्या बायकामुलांना तू पोसतोस ना? कौटिल्य अर्थशास्त्रात सांगतो, की कामावर असताना मेलेल्याच्या बायकामुलांना अन्न आणि वेतन मिळावे. मराठेशाहीत लढाईत पडलेल्यांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या नेमणुकीला ‘बालपरवेशी’ असे नावच होते. या तिन्ही ठिकाणी सन्मानाची मोजणी चुलीपासून सुरू होते.

महाराष्ट्रात गावोगावी देवळाजवळ नाहीतर वेशीवर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, कधी पळवून नेल्या जाणाऱ्या गायी; मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा; वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे नाव राहो, ही त्या गावाची इच्छा. पण त्या चौकटींत त्याचे घर बहुधा दिसत नाही. मागे राहिलेल्यांचे पुढे काय झाले, हे दगड सांगत नाही. नारदाचा प्रश्न नेमका तिथून सुरू होतो.

यावर पहिला आक्षेप असा, की सैनिक स्वेच्छेने भरती होतो, पगार आणि पेन्शन घेतो. मग देणे उरले कुठे? पगार दिवसांच्या कामाचा असतो. जीव जाईल हे दिसत असतानाही मागे फिरायचे नाही, या बोलीची किंमत कुठल्याच वेतनश्रेणीत बसत नाही. शिवाय भरतीच्या कागदावर सही एकट्याची असते. तो सीमेवर असताना सासू-सासऱ्यांचे आजारपण, मुलांची शाळा, शेतीची कामे निभावणाऱ्या बायकोला ना हुद्दा असतो, ना पदक. २०२२ पूर्वी भरती झालेले बहुतेक जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतात, तेव्हा मुले अजून शिकत असतात आणि दुसरी नोकरी शोधावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सैनिकाचा गौरव करता करता आपण युद्धाचाच गौरव करू लागतो. हा धोका खरा आहे, पण तो घोषणांतून येतो, ऋणाच्या जाणिवेतून नव्हे. ज्या ग्रंथात गीता आहे, त्याच ग्रंथात स्त्रीपर्वही आहे. युद्ध संपल्यावर गांधारी आणि कुरुकुळातल्या स्त्रिया रणभूमीवर आपापली माणसे शोधतात, आणि विजयाची किंमत व्यासांनी लपवलेली नाही. वीरपत्नीच्या घरातला रिकामा कोपरा ज्याने नीट पाहिला, तो युद्धाबद्दल उथळपणे बोलू शकत नाही.

आता आपल्या वागण्याकडे पाहू. १५ ऑगस्टला व्यासपीठावर वीरपत्नीला शाल-श्रीफळ मिळते, आणि तिच्याच गल्लीतल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणे नसते. पतीला हुतात्मा म्हणायचे आणि पत्नीला अशुभ मानायचे, ही दोन्ही वाक्ये एका समाजाच्या तोंडी शोभत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या विधवा प्रथा बंद केल्या. तो ठराव सगळ्याच विधवांसाठी होता, आणि तसाच तो असायला हवा. तरीही सैनिकाच्या घराला त्यातून जे मिळते, ते कुठल्याही शालीत नाही.

७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वज दिनी, निधीच्या डब्यात पैसे जरूर टाका. पण ते दान समजून टाकू नका, हप्ता समजून टाका. आणि पुढच्या हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे गल्लीतल्या त्या घरी जाऊन स्वतः द्या.