वरचं पोर

गावी काम असं कुणी शिकवत नाही. बाप नांगर हातात देतो आणि बांधावर बसून विडी ओढतो. तास वाकडा गेला तर चार दिवस लोक हसतात, एवढंच. लालबागला आलो तर शेत नव्हतं. गावकीची खोली, भिंतीशी लावलेल्या ट्रंका आणि पाळीपाळीनं झोपणारी गिरणीतली माणसं. पोरांना हातानं काही शिकायचं तर मंडळ. मांडव बांधणं, वर्गणीचा पै-पैचा हिशेब, मिरवणुकीत दोर धरून गर्दी आवरणं, आणि श्रावणात गोविंदा.

गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की रात्री जेवणं आटोपून चाळीच्या चौकात थर लागायचे. शिकवणारा एक जॉबर होता, आमच्या साताऱ्याकडचाच. मी खालच्या थरात. तो म्हणायचा, "मान खाली. वर बघायचं न्हाय. वर काय चाललंय ते खांद्याला कळंल."

आणि कळायचं. चौथ्या थरावर कुणाचा पाय कापला की ते कापणं खालपर्यंत उतरत यायचं. शेजारच्याशी सकाळी नळावर भांडण झालेलं असलं तरी रात्री त्याचाच खांदा घट्ट धरावा लागे. बारा बुकं शिकून हे येत नाही.

शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब बघायचो, तेव्हा एक फरक जाणवला. मल्लखांबावर चुकलं तर चुकणाराच पडतो. थरात खालचा चुकला, तर पडतं वरचं पोर.

आमच्याकडं वर चढायचं ते नऊ वर्षांचं होतं. एकदा उतरताना घसरलं. आम्ही झेललं, कोपर तेवढं सोललं. त्याची आई चौकात आली. ओरडली नाही. जॉबरला म्हणाली, "दादा, शिकताय तुम्ही. मग हाडं माझ्या पोराची का?"

चौक गप्प झाला. कुणीतरी सुचवलं, सरावाला वर तांदळाचं पोतं ठेवू. जॉबर म्हणाला, "पोत्याचा पाय थरथरत न्हाय. मग तुमी काय शिकणार?" त्याचं खरं होतं. खोट्या ओझ्यावर जबाबदारी शिकता येत नाही. पण बाईचंही खरंच होतं. पोरगं 'चढतो' म्हणालं होतं, पण नऊ वर्षांचं पोर टाळ्यांसाठी कशालाही हो म्हणतं. त्या होकाराला होकार म्हणायचं का?

पुढं २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं १८ वर्षांखालच्यांना मनाई केली, थरांची उंची २० फुटांवर आणली. २०१७ मध्ये वयाची अट १४ वर आली, उंचीची गेली. कायद्याला कुठंतरी रेघ मारावीच लागते. बाईचा प्रश्न मात्र फुटांचा नव्हता. ज्याला नाही म्हणता येतं, त्याचाच भार आपण घ्यावा, असं मला तेव्हापासून वाटतं. खांदा तेवढंच शिकतो. फक्त हंडी खाली येते, बक्षीस कमी होतं, आणि बक्षिसाच्या पैशावर मंडळाचं वर्ष चालतं. म्हणून तर भांडण झालं. दोन रात्री झालं.

शेवटी वर गेला तो गिरणीतलाच एक बारकुडा गडी, बावीस वर्षांचा. पोरापेक्षा दुप्पट जड. त्या साली आम्ही पाच थरांवर थांबलो. परळच्या नाक्यावरची सात थरांची हंडी दुसऱ्या पथकानं नेली.