घडवणाऱ्याचा वाटा

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या बास्केटबॉलमध्ये एक जुनी शिस्त गेल्या काही वर्षांत मोडली. शाळेतून निवडलेला मुलगा साधारणपणे चार वर्षं एकाच विद्यापीठाकडून खेळायचा, आणि दुसरीकडे गेलाच तर बहुधा वर्षभर त्याला सामन्यात उतरता येत नसे. 2021 मध्ये पहिल्या बदलीसाठी ते वर्ष माफ झालं. 2024 पासून, अभ्यासाच्या अटी पाळणारा खेळाडू हवं तितक्या वेळा विद्यापीठ बदलू शकतो. तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षकापुढे एकच पेच आहे : कच्चा मुलगा घेऊन त्याच्यामागे चार वर्षं खपायचं, की दुसऱ्याने घडवलेला तयार खेळाडू आणायचा?

छत्तीसगडमधल्या भिलाईत हा पेच फार जुना आहे. तिथल्या सेक्टर 1 मधल्या पंत स्टेडियमवर प्रशिक्षक राजेश पटेल यांनी वर्षानुवर्षं मुलींचा बास्केटबॉल संघ उभा केला. छत्तीसगड राज्यच 2000 मध्ये जन्मलं; मोठ्या शहरांची, जुन्या क्लबांची पुण्याई त्याच्यापाशी नव्हती. तरीही या नव्या राज्याच्या मुली राष्ट्रीय स्पर्धांमध्ये एकामागून एक पदकं घेऊ लागल्या. अंजू लकडा, सीमा सिंग, शरणजीत कौर, भारती नेताम ही नावं भारतीय संघापर्यंत पोहोचली. पटेलांनी कित्येक मुलींना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. सकाळचा सराव, शाळा, संध्याकाळचा सराव, जेवणखाण, आजारपण, सगळं एका छताखाली. मे 2018 मध्ये ते गेले, तेव्हा पोरक्या झालेल्या मुलींची संख्या एका कुटुंबात मावण्यासारखी नव्हती.

आणि घडलेल्या मुली जायच्या कुठे? बऱ्याचशा रेल्वेत. बिलासपूर हे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं मुख्यालय, भिलाईहून काही तासांवर. खेळाडू कोट्यातून नोकरी लागली की राष्ट्रीय स्पर्धेत ती मुलगी छत्तीसगडची राहत नसे, भारतीय रेल्वेची होत असे. महिलांच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेवर रेल्वेचं जे दीर्घ वर्चस्व आहे, त्यामागे देशभरातल्या अशा अनेक मैदानांचा घाम आहे.

यात मुलींना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. सामान्य घरातली मुलगी चेंडू हाती घेते तेव्हा तिच्या आईबापांना पदकाआधी पगार दिसतो, आणि तो दिसलाच पाहिजे. रेल्वेने हजारो खेळाडूंच्या घरी स्थिर उत्पन्न आणलं, हे लहान काम नाही. कुणी निष्ठेच्या नावाखाली अशा मुलीला अडवून धरलं, तर त्या निष्ठेत मालकीचा वास येईल. बदलीचं स्वातंत्र्य हवंच. अमेरिकेतल्या खेळाडूलाही हवं होतं.

पण ‘आयात’ विरुद्ध ‘घरचे’ ही विभागणीही मला पुरेशी वाटत नाही. पूनम चतुर्वेदी कानपूरची, जवळपास सात फूट उंचीची. ती भिलाईला आली. कागदोपत्री तीही आयातच. मात्र तिला तयार खेळाडू म्हणून आणलेलं नव्हतं. उंची देवाने दिली होती, खेळ मैदानावर शिकवावा लागला. तेव्हा खेळाडू कुठून आला याला महत्त्व थोडं. तो आला तेव्हा काय होता आणि गेला तेव्हा काय झाला, या दोहोंतलं अंतर ज्या संस्थेने पार करवलं, तिच्या नावावर काम जमा व्हावं.

अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाचा झॅक ईडी असाच. टोरांटोचा हा सात फूट चार इंची मुलगा शाळेच्या शेवटच्या काही वर्षांत बास्केटबॉलकडे वळला. परड्यूने त्याच्यावर चार वर्षं मेहनत घेतली आणि एप्रिल 2024 मध्ये तो संघाला विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. तिथे कनेटिकटने त्यांना 75-60 असं हरवलं. कनेटिकटच्या संघात कॅम स्पेन्सर आणि ट्रिस्टन न्यूटन हे दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले, तर डोनोव्हन क्लिंगन शाळेतूनच निवडलेला. निकालावरून कुठलाही पंथ सिद्ध होत नाही.

क्रिकेटमध्ये आपल्या विदर्भाचंच पाहा. 2017-18 मध्ये पहिला रणजी करंडक आला तेव्हा मुंबईचा वसीम जाफर संघात होता, आणि अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी घरचा होता. 2024-25 मध्ये कर्नाटकातून आलेला करुण नायर होता, आणि मोसमात 69 बळींचा विक्रम करणारा हर्ष दुबे इथलाच. बाहेरून एकदोन अनुभवी माणसं आणली, त्यांच्या भोवती अकादमीतली मुलं वाढली. हे जमलं, कारण घडवण्याचं काम आयातीमुळे थांबलं नाही. ज्या दिवशी विजयाच्या घाईत अकादमीचा खर्च तयार खेळाडूंकडे वळेल, त्या दिवसापासून चारपाच मोसमांत संघ रिकामा होईल, आणि तेव्हा विकत घ्यायलाही कुणी उरणार नाही, कारण शेजाऱ्यांनीही तेच केलेलं असेल.

जागतिक फुटबॉलने यावर एक मार्ग काढलेला आहे. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर फिफाच्या नियमानुसार त्या रकमेतले 5 टक्के त्याला लहानपणापासून, म्हणजे वयाच्या 12 ते 23 वर्षांदरम्यान, शिकवणाऱ्या क्लबांना वाटून मिळतात. आपल्याकडे बास्केटबॉलमध्ये बदलीची रक्कमच नसते, नोकरी असते. मग हिशेब नोकरीवर बसवावा. रेल्वे, पोलाद कारखाने, बँका, शिष्यवृत्ती देऊन खेळाडू नेणारी खासगी विद्यापीठं, यांनी खेळाडू कोट्यातून एखादी मुलगी घेतली की तिच्या पहिल्या वर्षाच्या पगाराइतकी किंवा शिष्यवृत्तीइतकी रक्कम तिला घडवणाऱ्या केंद्राकडे द्यावी. ही रक्कम संस्थेने स्वतः वेगळी द्यायची. मुलीच्या पगारातून एक पैसाही कापायचा नाही. केंद्रानेही ती फक्त पुढच्या तुकडीच्या जेवणावर, बुटांवर आणि प्रशिक्षकाच्या मानधनावर खर्च करावी, आणि हिशेब जाहीर करावा.